दिवाणजींचा दुसरा ग्रुप

मार्केट यार्डात भुसार विभागात हिंमतरावशेठच्या गाळ्यावर हिशेब सांभाळणाऱ्या बाईंना हमालांपासून शेजारच्या दुकानदारांपर्यंत सगळे 'दिवाणजी' म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा कुणीतरी चेष्टेनेच म्हटलं असणार. कारण दिवाणजी म्हटलं की धोतर, काळी टोपी आणि कानावर पेन्सिल डोळ्यांपुढे येते, आणि इथे गल्ल्याशेजारी बसली होती पंजाबी ड्रेसमधली, जेमतेम तिशीला पोचलेली, जाड चष्म्याची प्रियदर्शनी रायकर. चेष्टा महिनाभरात विरून गेली, नाव मात्र चिकटलं.

ती यवतमाळची मुलगी आणि धायरीची सून. बारावीनंतर सीए व्हायला म्हणून पुण्यात आली, शनिवार पेठेत तिघी मुलींत एक खोली घेऊन राहिली, तिथल्याच एका जुन्या सीएंकडे तीन वर्षं आर्टिकलशिपची उमेदवारी केली. शेवटच्या परीक्षेचे दोन ग्रुप असतात. पहिला तिने एका झटक्यात सोडवला. दुसरा काही सुटेना. तीन पेपर, प्रत्येकात किमान चाळीस आणि तिन्हींचे मिळून दीडशे, एवढंच मागणं असतं. पण एवढ्याशा मागण्यापायी या शहरात किती माणसं झिजली त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. प्रियदर्शनी चार वेळा बसली आणि चारही वेळा थोडक्यात गेली. तिचा दोष तिला पाठ होता. प्रश्न हातात आला की ती तो सोडतच नसे. कलम, पोटकलम, त्यावरचे निवाडे, खाली टीप, सगळं आखीवरेखीव. घंटा व्हायची तेव्हा पंचवीस मार्कांचे प्रश्न कोरे राहिलेले असायचे.

मग शंभूशी लग्न झालं, सृष्टी झाली, सासरे आजारी पडले आणि गेले. पुस्तकं खोक्यात गेली, खोकं माळ्यावर गेलं. लग्नकार्यात नातेवाईक ओळख करून देताना म्हणायचे, "ही आमची सून. सीए करत होती." प्रियदर्शनी हसून पाणी विचारायला आत निघून जायची.

अडतिसाव्या वर्षी तिने खोकं खाली काढलं. अभ्यासक्रम दोनदा बदलला होता, पण पहिला ग्रुप सुटलेला तो सुटलेलाच धरतात, हे तिने तीन ठिकाणी विचारून पक्कं केलं. शंभू एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. तो म्हणाला, "भर फॉर्म, त्यात विचारायचं काय?" त्याचं तसं असतं. विचारायचं होतं ते वेणूबाईंना.

वेणूबाई म्हणजे सासू. दोन्ही गुडघे झिजलेले, ऑपरेशन करायचं डॉक्टरांनी कधीच सांगितलेलं. पण त्या खाटेवर पडल्या तर स्वयंपाक कोण करणार, सृष्टीला शाळेतून कोण आणणार? सून परीक्षेला बसायची तर घर त्याच गुडघ्यांवर उभं राहणार होतं. ऑपरेशन दिवाळीनंतर ढकलावं लागणार होतं. हे प्रियदर्शनीने स्वतःच बोलून दाखवलं. आडवळणाने मागणं तिला जमलं नसतं.

वेणूबाईंनी ऐकून घेतलं. "आधी किती येळा बसलीस?"

"चार."

"आता पाचवी. मंग सहावी, मंग सातवी."

"नाही, आई. एकदाच. नाही झालं तर पुन्हा नाव काढणार नाही."

"सबूद देतीस?"

"देते."

"मंग बस," वेणूबाई म्हणाल्या, आणि भिंतीला धरून उठल्या.

पुढचे आठ महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. पहाटे चारला उठणारी माणसं पुण्यात काही कमी नाहीत. क्लासमध्ये पहिल्या दिवशी एका पोरीने तिला "मॅम, तुम्ही कुठला सब्जेक्ट घेणार?" असं विचारलं, तेव्हा प्रियदर्शनीने "जो मिळेल तो" म्हणून शेवटचा बाक गाठला. हिंमतरावशेठकडे तिने पंधरा दिवसांची रजा मागितली. शेठनी चष्म्यावरून पाहिलं.

"पास झालात तर सोडून जाणार. नापास झालात तर महिनाभर तोंड पाडून बसणार. दोन्हीकडून नुकसान आमचंच. घ्या रजा."

परीक्षा सप्टेंबरात, ऐन पितृपंधरवड्यात आली. "पंधरवड्यात कुनी चांगलं काम काढतं का?" एवढं एकदा म्हणून वेणूबाईंनी तोही विषय बंद केला. पहिल्या पेपरला, म्हणजे प्रत्यक्ष कराच्या पेपरला, शंभूने तिला कॉलेजच्या फाटकाशी सोडलं. 

दोनला घंटा झाली. प्रियदर्शनीने ठरवलं होतं की सत्तर मार्कांची लेखी उत्तरं आधी लिहायची आणि तीस मार्कांचे बहुपर्यायी प्रश्न शेवटच्या तासाभरात. पहिला प्रश्न बघताच तिचा जीव भांड्यात पडला. येत होता. दुसराही येत होता. प्रत्येक प्रश्न नव्या पानावर सुरू करायचा असा नियम, म्हणून तिने पान उलटलं, लिहिलं, पान उलटलं, लिहिलं. तिसरा प्रश्न सुरू केला आणि दोन वाजून पन्नास मिनिटांनी एका आकड्याची खातरी करायला ती मागे वळली, तेव्हा तिला ते दिसलं.

पहिल्या प्रश्नाच्या पानावर, अगदी वर, मधोमध, दोन दंडांच्या आत: श्री.

तिने पानं उलटली. दुसऱ्या प्रश्नावर श्री. तिसऱ्यावरही होता, अजून शाई ताजी.

हिंमतरावशेठच्या गाळ्यात कॉम्प्युटर आहे, सगळे हिशेब त्यात होतात. पण शेठचा विश्वास बसतो तो हाताने लिहिलेल्या रोजमेळावर. रोज सकाळी नवं पान, पानाच्या माथ्यावर आधी श्री, मग तारीख, मग बाकीचं. श्रीशिवाय पान सुरू करायचं नाही. नऊ वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, प्रियदर्शनीच्या हाताने तेच केलं होतं. कोरं पान समोर आलं की हात वर जायचा आणि मग डोकं कामाला लागायचं. आजही तसंच झालं होतं, आणि तिला कळलंसुद्धा नव्हतं.

उत्तरपत्रिकेवर देवाचं नाव, चिन्ह, नमस्कार, काहीही लिहिलं तर तो गैरप्रकार धरला जातो. हे हॉल तिकिटावरच्या सूचनांत असतं आणि क्लासमध्ये सरांनी निदान चारदा सांगितलं होतं. पेपर कुणाचा, कुठल्या माणसाचा, हे तपासणाऱ्याला कशावरूनही कळता कामा नये. सांगितलं तेव्हा प्रियदर्शनीला वाटलं होतं, असला गाढवपणा कोण करेल?

  पहिला विचार आला तो खोडून टाकण्याचा. तिने पहिल्या श्रीवर एक आडवी रेघ मारली, अगदी नीट, वाचता येईल अशी, कारण हिशेबाच्या वहीत गिरगोट्या मारायच्या नसतात. आणि रेघ मारून झाल्यावर तिचं पेन सवयीने उजवीकडे सरकलं, सही करायला. रोजमेळात खाडाखोड केली की बाजूला सही करायची असते. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं. उत्तरपत्रिकेत सही! तिने हात असा मागे घेतला की शेजारच्या बाकावरचा मुलगा दचकून बघायला लागला.

रेघेखाली श्री स्वच्छ दिसत होता. उलट आता कुणाच्याही नजरेत भरेल असा दिसत होता.

तीनला पाच कमी. समजा गप्प बसलं. तपासणारा कदाचित बघणार नाही. बघितलं तरी सोडून देईल. किंवा सोडणार नाही, पेपर बाजूला काढील, निकाल अडवतील, खुलासा मागवतील, पेपर रद्द करतील. पेपर रद्द म्हणजे ग्रुप गेला, आणि ग्रुप गेला म्हणजे सगळंच गेलं. एकदाच, असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं होतं. आठ महिने दुखऱ्या गुडघ्यांवर एक म्हातारी बाई ओट्याशी उभी होती ती या तीन अक्षरांसाठी?

तिने तिसरं उत्तर पुढे लिहायचा प्रयत्न केला. दोन ओळी लिहिल्या आणि नजर पुन्हा पानाच्या माथ्यावर गेली. आकडा चुकला. परत लिहिला, परत चुकला. तेव्हा तिने हात वर केला. हा प्रामाणिकपणा होता असं म्हणायला मन धजत नाही. निदान सगळा नव्हता, बरीचशी भीतीच होती. गप्प बसून दोन महिने निकालाची वाट बघणं आपल्याला झेपणार नाही, हे तिला त्या बाकावर कळलं, इतकंच.

पर्यवेक्षक बाई पन्नाशीच्या होत्या, हातात विणकाम नव्हतं हीच काय ती उणीव. "काय हवंय? पुरवणी?"

"नाही. माझ्याकडून चूक झालीय." प्रियदर्शनीने पान दाखवलं.

बाईंनी पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी काही पाहिलेलं नाही. तुम्ही पण पाहू नका. लिहा पुढे, वेळ चाललाय तुमचा."

म्हणजे दार उघडं होतं. नुसतं मान खाली घालून लिहायला लागायचं होतं.

"मी पाहिलंय ना पण," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच रडका वाटला.

"हौस आहे तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि केंद्रप्रमुखांना बोलवायला गेल्या.

केंद्रप्रमुख आले, त्यांनी सूचनांचा कागद वाचला, पुन्हा वाचला. मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. हीच उत्तरपत्रिका ठेवायची असेल तर घडला प्रकार कळवला जाईल, पुढचं वरचे लोक ठरवतील. नवी हवी असेल तर नवी मिळेल, जुनी रद्द म्हणून शेरा मारून सोबत जाईल, आणि प्रियदर्शनीने एका अर्जावर झालं ते लिहून द्यायचं. "वेळ मात्र वाढवून मिळणार नाही. एक मिनिटही नाही."

"नवी द्या," प्रियदर्शनी म्हणाली.

अर्ज, शेरे, सह्या होईपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं झाली. तिच्यासमोर कोरी उत्तरपत्रिका होती आणि हातात एक तास पन्नास मिनिटं. त्यात तीस मार्कांचे पर्यायही आले. नऊ वर्षांपूर्वीची प्रियदर्शनी इथे उठून निघून गेली असती.

पण आता बाकावर बसली होती ती यार्डातली दिवाणजी. गाळ्यावर लिलाव आटोपतो, ट्रक दारात उभे असतात, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतात आणि तासाभरात चाळीस बिलं फाडायची असतात, तेव्हा कुणी आखीवरेखीव लिहीत नाही. जे लागतं तेवढं लिहायचं, आकडा बरोबर, पुढचा. तिने तशीच सुरुवात केली. कलम, कारण, आकडा, उत्तर, पुढचा. निवाडे आठवले तर एका ओळीत, नाही आठवले तर नाही. नवं पान आलं की उजवा हात वर जायला लागायचा, म्हणून तिने डाव्या हाताची चार बोटं पानाच्या माथ्यावर घट्ट दाबून धरली आणि त्यांच्याखाली लिहीत राहिली. बोटांना कळ लागली. घड्याळाकडे तिने दोनदाच पाहिलं. पर्यायांचे गोळे भरताना शेवटचे सहा तिने न वाचताच भरले.

पाचला घंटा झाली तेव्हा एक प्रश्न कोरा राहिला होता. आठ मार्कांचा. तो तिला येत होता, त्याचं उत्तर तिला जिना उतरताना ओळीन् ओळ आठवत होतं.

उरलेले दोन पेपर तिने त्याच दाबलेल्या बोटांनी दिले. आणि मग निकालाची वाट बघणं आलंच, जे टाळायला तिने हात वर केला होता. झाला प्रकार तिने फक्त शंभूला सांगितला. तो म्हणाला, "आता झालं ते झालं," आणि रात्रभर कूस बदलत राहिला. कुठून काही पत्र आलं नाही, खुलासा कुणी मागितला नाही. प्रियदर्शनी रोज ईमेल उघडायची आणि काही नाही हे पाहून तिला धीर यायचा, मग दुपारपर्यंत तो धीर संपायचा. दसरा गेला, दिवाळी गेली. वेणूबाईंच्या ऑपरेशनची तारीख घेऊन झाली, नोव्हेंबरची एकवीस.

निकाल लागला तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दुपारी, ती गाळ्यावर असताना. साइट आधी उघडेना. उघडली तेव्हा तिने स्क्रीनवर हात ठेवला आणि एकेक आकडा खालून वर बघितला. तिसरा पेपर त्रेचाळीस. अप्रत्यक्ष कर सेहेचाळीस. प्रत्यक्ष कर अठ्ठावन्न. बेरीज करायला तिला कॅल्क्युलेटर लागत नाही. एकशे सत्तेचाळीस.

"किती?" शेठनी विचारलं. ते मघापासून एकच वही उघडून बसले होते.

"तीन कमी."

हिंमतरावशेठ एरवी अशा वेळी काहीतरी खोचक बोलतात. या वेळी त्यांनी वही मिटली. "घरी जा आज. रोजमेळ मी लिहितो. चुकेल, उद्या दुरुस्त करा."

बसमध्ये खिडकीशी बसून प्रियदर्शनीने जे मनात केलं त्याला विचार म्हणता येणार नाही, तो नुसता संताप होता. आठ मार्कांचा येणारा प्रश्न. आठात तीन मार्क झोपेतसुद्धा मिळाले असते. ती बाई म्हणाली होती, मी काही पाहिलेलं नाही. गप्प बसली असती तर आज ती सीए असती. काय मिळवलं हात वर करून? अशा खरेपणाला काय चाटायचंय? स्वारगेट जाईपर्यंत तिने त्या पर्यवेक्षक बाईंना, केंद्रप्रमुखांना, श्रीला, शेठच्या रोजमेळाला आणि सगळ्यांत जास्त स्वतःला शिव्या घातल्या. राजाराम पूल येईपर्यंत शिव्या संपल्या आणि एक आकडा उरला. अठ्ठावन्न. एक तास पन्नास मिनिटांत, आठ मार्कांना हात न लावता, अठ्ठावन्न. पूर्वी पुरे तीन तास मिळूनही या पेपरात तिला पंचेचाळिसाच्या वर कधी पडले नव्हते.

धायरी फाट्यावर उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं, आणि जे ठरलं त्याची तिला भीती वाटत होती.

वेणूबाई खाटेवर पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होत्या. प्रियदर्शनी पर्ससकट समोर बसली.

"आई, नाही झालं. तीन मार्कांनी गेलं."

वेणूबाईंचा हात थांबला. "तीनच?"

मग प्रियदर्शनीने सगळं सांगितलं. तीन पानं, तीन श्री, पर्यवेक्षक बाई, नवी उत्तरपत्रिका, कोरा राहिलेला प्रश्न. वेणूबाईंनी मधे एकदाच अडवलं. "देवाचं नाव लिव्हलं म्हनून गुन्हा?" आणि नियम कशासाठी आहे ते सांगितल्यावर, "बरं, तसं आसंल," म्हणाल्या.

"आन् त्या बाईनं न्हाई बघितलं म्हनून सांगितलं तुला."

"हो."

"तरी तू बोललीस."

"बोलले. चुकलं माझं."

वेणूबाई दुसऱ्या गुडघ्याला तेल लावायला लागल्या.

"आई, अजून एक आहे." प्रियदर्शनीने पर्स खाली ठेवली.  "जानेवारीच्या परीक्षेचे फॉर्म सुरू झालेत. मी भरणार आहे. एकदाच म्हणून तुम्हाला शब्द दिला होता. तो मोडतेय. तुम्हाला सांगून मोडतेय. ऑपरेशन एकवीस तारखेलाच होईल, ते एक दिवससुद्धा पुढे जाणार नाही. तुमचं, सृष्टीचं, घराचं मी बघीन."

"आन् वाचनार कवा?"

"माहीत नाही."

 बाहेर पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याचा आवाज येत राहिला. वेणूबाईंनी तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं.

"सबूद मोडलास. ह्ये मी इसरनार न्हाई."

"नका विसरू."

"आन् आता बसशील तवा त्यो आठ मार्काचा पयला लिव्ह."

तोच प्रश्न पुन्हा येत नसतो, हे प्रियदर्शनीने त्यांना सांगितलं नाही. ती "हो, आई" म्हणाली, आणि निकाल पाहिल्यापासून पहिल्यांदा तिला रडू आलं.